फक्त काने असलेला मथळा

उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला मासिकाच्या मांडणीचा एक प्रकल्प होता. पाच जणांच्या गटाने मिळून १६ पानांचा एक प्रवासविषयक अंक तयार करायचा आणि प्रत्येकाने त्यातले एक जोडपान स्वतंत्रपणे रचायचे, असे त्याचे स्वरूप होते. समोरासमोर उघडणारी दोन पाने म्हणजे जोडपान. वर्गात आम्ही सगळे त्याला स्प्रेडच म्हणतो, परंतु येथे जोडपान हाच शब्द वापरते. अटी तीनच होत्या: ठिकाण पुण्याहून एका दिवसात जाऊन येण्याजोगे असावे, छायाचित्रे स्वतः काढलेली असावीत आणि मजकूर मराठीत असावा. तिसरी अट आमच्यापैकी कोणीच मनावर घेतली नव्हती. मराठी लिहायला-वाचायला येते, मग त्यात अडचण ती कसली, असा एकूण सूर होता. माझे सहा आठवडे मात्र जवळजवळ सगळेच्या सगळे त्या तिसऱ्या अटीने खाल्ले, आणि आता मागे वळून पाहताना त्याबद्दल मला जराही तक्रार करावीशी वाटत नाही.

वाई निवडण्यामागे काही थोर विचार नव्हता. आईचे माहेर साताऱ्याचे असल्यामुळे महामार्गावरच्या सुरूर फाट्याची वाईकडे वळा असे सांगणारी पाटी मी लहानपणापासून असंख्य वेळा पाहिली होती, आणि आमची गाडी दर वेळी सरळ साताऱ्याकडे निघून गेली होती. कृष्णाकाठचे घाट आहेत, ढोल्या गणपतीचे देऊळ आहे, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. दोन पानांना एवढे पुष्कळ झाले, असा हिशेब करून मी एका रविवारी एसटीने जाऊन आले, फोनवर दोनशेहून अधिक छायाचित्रे काढली आणि मजकुराची एक ओळही न लिहिता थेट मांडणीला बसले.

पहिला आराखडा दिसायला देखणा होता, हे मी आजही म्हणेन. ग्रंथालयातले परदेशी प्रवासमासिकांचे जुने अंक चाळून मी त्यातली एक रचना जवळजवळ जशीच्या तशी उचलली होती. पान ए-४ आकाराचे, म्हणजे जोडपान उघडल्यावर ४२० बाय २९७ मिलीमीटर. डावीकडून सुरू होऊन घडी ओलांडून उजव्या पानावर पसरलेले मोठे छायाचित्र. त्याच्या पोटात मजकुराचे तीन अरुंद रकाने, प्रत्येक सुमारे ५५ मिलीमीटरचा. दोन्ही कडांना काटेकोर सरळ बसवलेल्या ओळी. रकान्यांत मी नेहमीप्रमाणे अर्थहीन लॅटिन मजकूर भरला होता, आणि तो तिथे राखाडी रेशमासारखा बसला होता. सरांनी कागद हातात घेतला, लांब धरून पाहिला आणि विचारले, "यातले मराठी कुठे आहे?" मी म्हटले, "सर, ते शेवटी टाकणार आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त कागद परत दिला. त्या रात्री मजकूर लिहून काढला आणि लॅटिनच्या जागी टाकला, तेव्हा ते न बोलण्याचे कारण समजले.

इंग्रजी मजकुरासाठी १० पॉइंटची अक्षरे आणि ओळींमध्ये १२ पॉइंटचे अंतर हे माप आमच्या हाताला इतके बसलेले आहे की ते आम्ही निवडतो असेही म्हणता येणार नाही. संगणकच स्वतःहून अक्षराच्या १२० टक्के अंतर धरतो आणि आम्ही ते चालू देतो. देवनागरीला ते पुरत नाही. आपले अक्षर तीन मजल्यांवर राहते. मधल्या मजल्यावर अक्षराचे अंग असते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांची दाटी असते. खाली उकार, ऋकार आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे लोंबत असतात. माझ्या पहिल्याच परिच्छेदात वरच्या ओळीत 'कृष्णा' होती आणि नेमकी तिच्या ऋकाराखाली पुढच्या ओळीतील 'गर्दी' आली होती. 'र्दी'वरचा रफार आणि वेलांटी त्या ऋकारात जाऊन अशी अडकली की दुरून तिथे शाईचा डाग पडल्यासारखे वाटत होते. एक दुरुस्त करावी तर दुसरीकडे 'मूर्ती'चा ऊकार खालच्या अनुस्वारावर टेकलेला. मी अंतर १३ केले, मग १४, मग १५. अखेर साडेदहा पॉइंटच्या अक्षराला १६ पॉइंटचे अंतर दिले तेव्हा कुठे ओळी एकमेकींच्या अंगावरून उठल्या. त्यासाठी लागलेली जागा अर्थातच मजकुरातून जाणार होती, पण त्याकडे नंतर येते.

दुसरा घोटाळा रकान्याच्या रुंदीचा होता. ५५ मिलीमीटरच्या ओळीत आपले पाच-सहा शब्द मावतात. इंग्रजीत तेवढ्यावर भागते, कारण तिथे बारीकसारीक शब्द पुष्कळ असतात आणि मोठा शब्द आला तर तो जोडरेघ देऊन तोडण्याची सोय असते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामालाच चिकटत असल्यामुळे 'नदीपात्रापलीकडच्या' असा एक शब्द अर्धी ओळ अडवून बसतो. तो मावला नाही की खाली ढकलला जातो, वरच्या ओळीत उरलेले तीन शब्द दोन्ही कडांना टेकण्यासाठी ताणले जातात, आणि अशा ताणलेल्या ओळी एकाखाली एक आल्या की मजकुरातून वरपासून खालपर्यंत पांढऱ्या वाटा वाहू लागतात. मुद्रणाच्या परिभाषेत त्यांना नद्याच म्हणतात. कृष्णेवरच्या लेखात मी तीन नद्या जास्तीच्या सोडल्या होत्या, आणि वर्गात त्यावरून व्हायचा तेवढा विनोद होऊन गेला.

यावर तोडगा साधा होता, पण तो स्वीकारायला मला आठवडा लागला. पानावर तीनऐवजी दोन रकाने केले, प्रत्येक ८४ मिलीमीटरचा. ओळ डावीकडे सरळ ठेवली आणि उजवीकडे मोकळी सोडली. ओळीत नऊ-दहा शब्द बसू लागले आणि शब्दांमधले अंतर सगळीकडे सारखे राहिले. आपल्या वर्तमानपत्रांनी आणि दिवाळी अंकांनी डोळ्यांना दोन्ही कडा सरळ पाहण्याची इतकी सवय लावली आहे की उजवी कड दातेरी राहिलेला मजकूर अपुरा वाटतो, माझ्याच वडिलांनी तो पाहून "हे अजून नीट करायचे आहे ना?" असे विचारले. मला मात्र शिरोरेषेमुळेच हे चालून जाते असे वाटते. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांना ओळीचा आकार रकान्याच्या कडा देतात. आपल्या शब्दाला स्वतःचे छप्पर आहे. कड जराशी ढळली तरी ओळ ओळीसारखीच दिसते.

याच सुमारास सरांनी मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची काही जुनी पुस्तके वर्गात आणली. कागद पिवळा पडलेला, एकही चित्र नाही, आणि तरीही पान उघडल्यावर डोळ्यांना कसा विसावा मिळावा! छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांनी पाडून घेतलेल्या त्या अक्षरांच्या खिळ्यांचा डौल तर आहेच, पण मला त्याहून ओळींमधला मोकळेपणा दिसला. माझ्या १६ पॉइंटांमुळे मी कागद उधळते आहे, ही टोचणी त्या दिवशी गेली.

एका शब्दाविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. घाटावरचा लेख म्हटला की त्यात 'पायऱ्या' येणारच, आणि माझ्या लेखात त्या अकरा वेळा आल्या होत्या. 'पायऱ्या'मधला तो आडवा, पापणीसारखा वळलेला अर्धा र मराठीचे खास लेणे आहे. 'दऱ्या', 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने', सगळीकडे तोच असतो. तो गेला आणि त्याच्या जागी 'य'वर रफार बसला की शब्दाचा उच्चारच बदलतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतला फरक केवळ एवढ्याच खुणेवर उभा आहे. पहिल्यांना नमस्कार करायचा असतो आणि दुसऱ्यांना पंगत किती जणांची ते सांगायचे असते. मी हौसेने उतरवून घेतलेल्या एका नक्षीदार फॉन्टमध्ये हा अर्धा र नव्हताच. तो माझ्या सगळ्या पायऱ्या रफाराने दाखवत होता. त्याआधी तर मांडणीच्या प्रोग्रामनेच वेगळा गोंधळ घातला होता: ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर उमटत होती आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडत होती. परिच्छेदाच्या रचनेसाठी इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' नावाचा एक पर्याय असतो, तो निवडल्याशिवाय त्याला भारतीय लिप्यांची जुळणी नीट करता येत नाही, हे मला वरच्या वर्गातल्या एका ताईने सांगितले. तिने ते सांगण्याआधी मी दोन दिवस वेलांट्या हाताने उचलून जागेवर ठेवत होते. हसू नका, मजकूर दोन पानांचाच आहे, होऊन जाईल, असे मला खरेच वाटले होते.

फॉन्टची निवड या अनुभवानंतर आपोआपच गंभीर झाली. मुख्य मजकुरासाठी मी 'तिरो देवनागरी मराठी' घेतला. या कुळाचे हिंदी, संस्कृत आणि मराठी असे वेगवेगळे फॉन्ट आहेत, आणि मराठी फॉन्टमध्ये आपल्या वळणाचे पाकळीचा ल आणि देठाचा श मूळचेच आहेत. माझ्या लेखात 'ढोल्या' होता, 'शिखर' होते. ते हिंदी वळणाने छापले गेले असते तर वाचणाऱ्याला चूक दाखवता आली नसती, पण कुठेतरी परक्या घरात बसल्यासारखे वाटले असते. या फॉन्टमध्ये ठळक अक्षरे नाहीत. सुरुवातीला मला ही उणीव वाटली. पुढे तिचा फायदाच झाला, कारण वाक्यावाक्यात ठळक करून वाचकाचे बोट धरण्याची माझी खोड त्यामुळे बंद झाली. छायाचित्रांखालच्या ओळींसाठी 'मुक्त' हा सरळ, साधा फॉन्ट घेतला. दोन पानांना दोन फॉन्ट पुरतात. मथळ्यासाठी तिसरा शोधत होते, तेव्हा अडचण फॉन्टची नसून मथळ्याची आहे हे लक्षात आले.

माझा मूळ मथळा होता, 'दक्षिण काशीतील एक अविस्मरणीय दिवस'. वाईला दक्षिण काशी म्हणतात हे खरे, पण वाईवरच्या प्रत्येक लेखाची सुरुवात तिथूनच होते. सर म्हणाले, "यातली काशी काढ, अविस्मरणीय काढ, आणि मग काय उरते ते बघ." एक दिवस उरला. मथळा मोठ्या अक्षरांत बसवायला घेतला की त्याची आणखी एक खोड दिसायची: दोन ओळी केल्या की 'क्षिण', 'शीतील', 'अविस्मरणीय' यांच्या वेलांट्या वरच्या ओळीत घुसत, म्हणून ओळींमध्ये अंतर ठेवावे लागे, आणि ६० पॉइंटच्या अक्षरांत तेवढे अंतर ठेवले की मथळ्याचे दोन तुकडे पडत. मी वहीत शब्द लिहून त्यांच्या वरचे आणि खालचे मजले मोजू लागले. हा खेळ इंग्रजी मासिकाच्या संपादकाला कधी खेळावा लागत नसेल.

दरम्यान मी वाईला दुसऱ्यांदा गेले होते, आणि मथळा तिथे देवळाच्या मागे उभा होता. पहिल्या खेपेला मी सगळ्यांसारखी समोरून दर्शन घेऊन, गाभाऱ्यातली ती एकाच दगडातून घडवलेली भव्य मूर्ती पाहून बाहेर पडले होते. ढोल्या हे नाव तिच्या आकारावरूनच पडले आहे. दुसऱ्या खेपेला सकाळी सातच्या आत घाटावर पोहोचले, थंडीचे दिवस होते, पाणी उतरलेले होते, आणि कपडे धुवायला आलेल्या एक आजी मला म्हणाल्या, "फोटो काढायचा तर मागनं काढ की. मासा दिसंल." मागे गेले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधले, तेव्हा पुराच्या पाण्याचा मारा सरळ भिंतीवर बसू नये म्हणून मागची बाजू सपाट न ठेवता माशाच्या आकाराची, निमुळती करत नेलेली आहे. दोन्हीकडच्या दगडी भिंती एकमेकींकडे झुकत येतात आणि नावेच्या नाळेसारख्या एका धारेत मिळतात. पूर आला की पाणी त्या धारेवर दुभंगते आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जाते. मी त्या धारेवरून हात फिरवून पाहिला. खालचे थर गुळगुळीत झालेले आहेत, वरच्या थरांवर टाकीचे घाव अजून बोटांना लागतात.

परतीच्या एसटीत वहीत लिहिले: 'घाटावरचा मासा'. लिहून झाल्यावर त्याच्याकडे पाहत बसले, कारण त्यात एकही वेलांटी नव्हती, मात्रा नव्हती, उकार नव्हता, रफार की अनुस्वारही नव्हता. नुसते काने. वरचा मजला रिकामा, खालचा मजला रिकामा, आणि मधे सरळ शिरोरेषा. असा मथळा दोन ओळींत अगदी जवळजवळ बसवता येतो, पहिल्या ओळीच्या पायांना दुसरीची शिरोरेषा जवळपास टेकली तरी काही अडत नाही, आणि मोठ्या आकारात ती अखंड रेघ दगडी पायरीसारखी दिसते. हे सगळे मी ठरवून केले असे सांगायला मला आवडले असते. तोंडी परीक्षेत मी तसे सांगितलेही.

यानंतर छायाचित्राचा प्रश्न उरला. फोनचे छायाचित्र ४०३२ पिक्सेल रुंदीचे होते. जोडपानाची रुंदी ४२० मिलीमीटर, त्यात दोन्ही बाजूंना ३-३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापताना इकडेतिकडे झाले तरी पांढरी कड दिसू नये म्हणून सोडलेली जादा छपाई, एकूण ४२६. एवढ्या रुंदीला इंचाला ३०० ठिपके हवे असतील तर ५००० च्या वर पिक्सेल लागतात. माझ्या छायाचित्रातून ते इंचाला जेमतेम २४० मिळत होते, आणि काठावर लावलेल्या दुचाकी व घाटावर पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून टाकल्यावर १८० च्या आसपास. पडद्यावर हे कळत नाही. कागदावर झाडांच्या पानांचा लगदा होतो. फोनचा आडवे फिरवून टिपण्याचा पॅनोरामा वापरून पाहिला, तर घाटाच्या सरळ पायऱ्या धनुष्यासारख्या वाकल्या. म्हणून दुसऱ्या खेपेला मैत्रिणीचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मागून नेला होता. त्याची ६००० पिक्सेलची रुंदी सहज पुरली, आणि पूर्ण पानभर छायाचित्र लावण्याचा हट्ट सोडून मी वरच्या भागात १३० मिलीमीटर उंचीचा एक आडवा पट्टा घेतला: पलीकडच्या काठावरून दिसणारा घाट, डावीकडे देऊळ आणि त्याची ती धार, उजवीकडे पायऱ्या, पाणी आणि त्या आजींची पाठमोरी आकृती. मथळा आकाशात. मजकूर खाली, जणू पाण्यात.

घाटाच्या पायऱ्यांची उंची आणि मजकुराच्या ओळींमधले अंतर यांचे प्रमाण सारखे ठेवावे, अशीही एक कल्पना मी लढवली होती आणि त्यावर एक अख्खी दुपार घालवली होती. सरांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "छान आहे, पण हे तुलाच माहीत असणार." तेवढ्यावर ती कल्पना मी सोडून दिली. सोडली ते बरे झाले; प्रकल्पाच्या वहीत लिहायला चांगल्या असलेल्या आणि पानावर कोणालाच न दिसणाऱ्या गोष्टींची आमच्या वर्गात तशीही वाण नाही.

घडीविषयी मात्र मला आधी कोणीतरी दम द्यायला हवा होता. आमच्या अंकातली पाच जोडपाने कोणाला कुठली, हे चिठ्ठ्या टाकून ठरले होते आणि मला ६-७ मिळाले होते. अंक मध्ये पिना मारून बांधायचा होता, म्हणजे चार मोठे कागद एकात एक घालून दुमडायचे. अशा बांधणीत ८-९ हे मधले जोडपान तेवढे एका अखंड कागदावर छापले जाते. बाकी सगळी जोडपाने फक्त वाचकाच्या दृष्टीने जोडलेली असतात. छपाईत ती एकमेकांची कोणी नसतात. माझे सहावे पान तिसऱ्या कागदावर अकराव्या पानाशेजारी छापले जाणार होते आणि सातवे पान चौथ्या कागदावर दहाव्या पानाशेजारी. दोन कागद, दोन वेगळ्या फेऱ्या, दोन वेगळ्या घड्या. त्या एकमेकींना केसभरही चुकणार नाहीत, ही अपेक्षा कोणत्याही छापखान्याकडून करणे योग्य नाही. पहिल्या डमीत, म्हणजे दुमडून पाहण्यासाठी केलेल्या नमुना प्रतीत, मी देवळाचे शिखर जोडपानाच्या बरोबर मध्यावर ठेवले होते. घडीने ते मधोमध चिरले, डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा सुमारे दोन मिलीमीटर वर गेला, आणि वाईचा गणपती भूकंपातून वाचल्यासारखा दिसू लागला. त्यानंतर शिखर, धार, माणसे आणि मथळ्याची अक्षरे यांपैकी काहीही घडीच्या जवळ येणार नाही अशा बेताने मी पट्टा डावीकडे सरकवला. घडीवर फक्त पायऱ्यांचा साधा, सलग भाग ठेवला. मथळाही पूर्णपणे डाव्या पानावर घेतला, कारण 'घाटावरचा' शब्दाची शिरोरेषा घडीवर तुटली असती तर ती जोडणे कोणाच्याही हातात नव्हते.

आता मजकूर. खालच्या भागात ८४ मिलीमीटरचे चार रकाने उरले, त्यातला शेवटचा लहान छायाचित्रांना दिला, आणि उरलेल्या तिघांत प्रत्येकी २३ ओळी. हिशेबाने साडेसहाशे शब्द. माझ्याकडे १४०० होते. पांडवगड गेला, पाचगणीकडचा पसरणी घाट गेला, स्ट्रॉबेरी गेली, आणि एसटी स्थानकावरच्या मिसळीचे वर्णन, जे मला फार प्रिय होते, तेही गेले. वाईच्या हळदीला एक वाक्य मिळाले आणि मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून उभे राहिले, याला एक. मेणवलीचा वाडा छायाचित्राखालच्या ओळींत गेला, आणि त्यात घंटेला अधिक जागा दिली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. त्यांतलीच एक मेणवलीच्या घाटावर आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती उठावात कोरलेली आहे. ही हकिकत चार ओळींत सांगायला मला मुख्य लेखातल्या कुठल्याही परिच्छेदापेक्षा जास्त वेळ लागला. सरांचा नियम असा होता की छायाचित्रात जे दिसतेच ते त्याखाली लिहायचे नाही. 'मेणवली येथील घंटा' असे लिहिले की ते परत येई.

छपाईच्या आदल्या दिवशी दोन गोष्टी शिकले, दोन्ही उशिरा. प्रेसमधल्या काकांनी फाइल उघडली आणि मजकुराच्या जागी चिन्हांची खिचडी दिसली, कारण त्यांचा संगणक जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांवर चालत होता; फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ करून दिल्यावर ते मिटले. दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. माझा मजकूर चुकून चारही रंगांच्या मिश्रणातला काळा झाला होता. काकांनी भिंगातून नमुना दाखवला: प्रत्येक शिरोरेषेच्या वर एक निळसर आणि खाली एक गुलाबी सावली. "बाळ, मराठीला कायम एकच काळा द्यायचा," ते म्हणाले, "चार प्लेटा कितीही बसवल्या तरी एवढ्या बारीक रेघेवर बसत नसतात." त्याच भिंगातून मी छायाचित्रावर पांढऱ्या अक्षरांत टाकलेल्या ८ पॉइंटच्या ओळी पाहिल्या, त्यातल्या 'ध' आणि 'घ' यांच्या पोटात शाई भरली होती आणि दोघांत काहीच फरक उरला नव्हता. घंटेची धंटा झाली होती. त्या ओळी छायाचित्रावरून उचलून खाली पांढऱ्या कागदावर, काळ्या अक्षरांत आणल्या.

अंक १३ बाय १९ इंची कागदांवर छापून, दुमडून, कापून आला, तेव्हा मी सर्वांत आधी सहावे-सातवे पान उघडले. पाण्याची रेषा घडीवर सुमारे एक मिलीमीटर चुकली आहे. पायऱ्यांमध्ये ते दिसत नाही, पाण्यात दिसते. प्रदर्शनात अंक पाहणाऱ्यांपैकी कोणीही त्याचा उल्लेख केला नाही. मला मात्र पान उघडले की आधी तेच दिसते. मधले ८-९ हे अखंड जोडपान चिठ्ठीत ज्याला मिळाले होते, त्याने डाव्या पानावर मजकूर घेतला, उजव्या पानावर छायाचित्र घेतले आणि घडीवर काहीसुद्धा ठेवले नाही.